कासारणीने धरलेला हात

कार्तिकातल्या कोवळ्या उन्हात, झेंडूच्या ढिगापाशी बसून गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या बाजारासाठी माळा ओवताना सुमनताईंच्या बांगड्यांची किणकिण एका लयीत चालायची. ती थांबली की समजायचं, ताई हसताहेत. दोन्ही हात मांडीवर टाकून त्या तोंडभर हसायच्या. त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. त्या मळा सांभाळायच्या, मी शाळेत शिकवायचे. म्हणून मला ‘मास्तरीण’ म्हणायच्या.

एका हिवाळ्यात फुलं धुताना त्यांची बोटं खडूसारखी पांढरी पडली, मग निळी. नाशिकचा गारठाच तसला, असं आम्ही म्हणालो. पुढे कपाळावरच्या रेघा पुसल्या गेल्या, गाल तुकतुकीत झाले. खरं सांगते, मला हेवा वाटला. “ताई, दिवसेंदिवस तरण्या होताय, तोंडाला लावता तरी काय?” असं मी दोन वर्षं चिडवत राहिले. त्या हसायच्या, पण ओठ मिटूनच.

दोन संक्रांतींना त्यांनी बांगड्या भरायचं टाळलं. तिसऱ्या संक्रांतीला कासारणीने हात धरलाच. अंगठ्याखालचा उंचवटा दाबून पंजा निमुळता करण्यात तिचा हातखंडा. पण ताईंचा पंजा दुमडेना. तिने मनगटावर चिमटा घेऊन पाहिला आणि बांगड्या टोपलीत परत ठेवल्या.

“बाई, कातडी चिमटीत येत नाय तुमची. दवाखान्यात दाखवा.”

जे मला, शिकलेलीला, उमगलं नाही ते तिला बोटांनी कळलं.

शहरातल्या त्वचेच्या डॉक्टरांनी नखांच्या मुळाशी भिंग धरलं, रक्त तपासलं, छातीचा एक्स-रे काढला. शरीराला सांधून ठेवणाऱ्या धाग्यांचाच हा आजार. कातडी आवळत तो फुप्फुसांपर्यंत पोचला होता. “आधी आला असतात तर बराच आवरता आला असता,” डॉक्टर म्हणाले.

परतताना मी रडू लागले, तेव्हा ताईच म्हणाल्या, “मास्तरीण, लय दिवस झाले, घास मावत नाय तोंडात. पण तू एवढं कवतिक करायचीस, मग सांगावंसं वाटंना.”

गोळ्यांनी आणि लोकरी हातमोज्यांनी बोटं जराशी सैलावली, धाप मात्र वाढत गेली. पुढचा झेंडू त्यांनी पाहिला नाही.

यंदा कासारीण आली. माझ्या मनगटावरची कातडी तिच्या चिमटीत सहज आली, सुरकुतली, बांगड्या भरभर चढल्या. मी उठले नाही, तशीच बसून राहिले. माणूस गेल्यावर काळ मागे राहिलेल्यांनाच म्हातारं करत जातो. आठवणीतला ताईंचा चेहरा मात्र अजून तसाच, एकाही रेघेवाचून आहे, आणि त्यावर एक तरी सुरकुती पडावी, एवढंच मला वाटत राहतं.