कैदी गाडीतला बारा नंबरचा फॉर्म

मित्रांनो, मी भिलाईची एक जुनी कैदी गाडी आहे. निळा रंग आणि खिडक्यांना काचेऐवजी जाळी. मला रस्त्यावर पाहून तुम्हीही तोंड फिरवले असेल. आया माझ्याकडे बोट दाखवून मुलांना म्हणत, "जेवला नाहीस तर यात टाकून देईन." कोणाचे काही वाईट न करता मी अशी बदनाम झाले.

माझा सांगाडा परराज्यात तयार झाला, पण अंगावरचा पत्रा भिलाईच्याच पोलादाचा, असे माझा ड्रायव्हर छाती फुगवून सांगे. खरे-खोटे मला ठाऊक नाही. नवी होते तेव्हा सव्वीस जानेवारीला मला धुऊन-पुसून मैदानाच्या कडेला उभे केले होते. एका मोठ्या साहेबांनी दारावर थाप मारून "मजबूत आहे" असे म्हटले. आयुष्यात मिळालेली शाबासकी तेवढीच. मग रोजचे काम सुरू झाले. सकाळी तुरुंगातून माणसे भरायची, कोर्टात उतरवायची, संध्याकाळी परत न्यायची. तुम्हाला वाटेल, ती सगळी गुन्हेगार असतील. तसे नव्हते. बहुतेकांचा खटला अजून चालूच असे. त्यांना कोणी दोषी म्हटलेले नसे आणि निर्दोषही म्हटलेले नसे, नुसती पुढची तारीख दिलेली असे.

त्यांतलेच एक दौलतराव. मूळचे भंडाऱ्याकडचे, स्टील प्लांटमध्ये जन्म घालवून निवृत्त झालेले, राहायला रुआबांध्याच्या वस्तीत. एका उन्हाळ्यात वस्तीच्या नळाला तीन आठवडे पाणी आले नाही. तेव्हा शेजारच्या बायकांबरोबर तेही रिकामी घागर घेऊन सुपेल्याच्या चौकात रस्त्यावर बसले. गर्दीतून दगड आला आणि एका शिपायाचे डोके फुटले. दगड मारणारे पसार झाले. दौलतरावांचे गुडघे दुखत, त्यांना पळता आले नाही, म्हणून तेच पोलिसांच्या हाती लागले. खुनाच्या प्रयत्नाचे कलम लागले आणि जामीन दोनदा फेटाळला गेला.

पुढच्याच वर्षी विधानसभेची निवडणूक लागली आणि मरगळलेल्या या माणसाच्या अंगात जीव आला. त्याचे कारण ऐका. प्लांटच्या नोकरीत असताना दर निवडणुकीत त्यांची ड्युटी लागे. दुसऱ्याच गावच्या शाळेत बसून ते दिवसभर मतदारांच्या बोटांना शाई लावत. स्वतःच्या बूथवर जाता येत नसे, म्हणून आधी बारा नंबरचा फॉर्म भरून ते टपालाने मत देत. एकही निवडणूक त्यांनी चुकवली नव्हती.

कोर्टाच्या आवारात त्यांची बायको सुशीला माझ्या जाळीपाशी उभी राही. निवडणूक जाहीर झाल्यावर दौलतराव तिला म्हणाले, "अवं, पावर हाउस चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून बारा नंबरचा फॉर्म आन. एक नोको आनू, अठरा आन."

"अठरा कावून?"

"बराकीत माह्यासंगं सतरा जन हायेत. त्याईले का मत नाई?"

पुढच्या तारखेला माझ्या बाकावर बसून, गुडघ्यांचे टेबल करून, खड्ड्यांतून गचके खात त्यांनी अठराही फॉर्म भरून काढले. 'ड्युटीचे ठिकाण' या जागी वळणदार अक्षरात तुरुंगाचे नाव आणि बराकीचा नंबर लिहिला. पहाऱ्यावरचा हवालदार केवलराम हे पाहून चक्रावला.

"काका, ये फॉर्म तो ड्यूटी वालों का है."

"मले मालूम हाय, केवलराम. पयले सरकारनं मले माह्या बूथवरून उचलून दुसरीकडं बशिवलं, तं घरी मताचा कागद धाडला. आता बी सरकारनंच उचललं न? मंग कागद बी सरकारच देईन."

केवलराम हसला नाही. त्याने ते फॉर्म नीट घडी करून घेतले आणि रीतसर पुढे पाठवले. बराकीतली माणसे दौलतरावांना 'शाईवाले बाबू' म्हणून मान देऊ लागली. कोण कोणाला मत देणार, यावर माझ्या पोटात आता रोज वाद रंगत. एरवी माझ्यात माणसे एक तर रडत नाहीतर झोपत. त्या दहा-बारा दिवसांत मला पहिल्यांदा आपण कोणाला तरी कुठे तरी नेत आहोत असे वाटले.

मग एके सकाळी भैयालाल चढला. जमिनी लाटल्याच्या प्रकरणात तोही खटला चालू असलेला कच्चा कैदीच होता, पण उमेदवारी अर्ज भरण्यासाठी त्याला कोर्टाची परवानगी मिळाली होती. फाटकाबाहेर ढोल वाजत होते. माझ्या जाळीवर लोकांनी झेंडूचे हार टाकले. जन्मात पहिला हार गळ्यात पडला आणि तो कोणासाठी, तर याच्यासाठी! मला शरम वाटली. तो दौलतरावांच्या शेजारी बसला आणि हात जोडून म्हणाला, "काका, आशीर्वाद दीजिए. वोट इधर ही गिरना चाहिए."

त्याच संध्याकाळी अठरा फॉर्म परत आले. प्रत्येकावर एकच शिक्का होता: कोठडीतल्या व्यक्तीला मतदानाचा अधिकार नाही.

केवलराम खालच्या आवाजात म्हणाला, "कानून है, काका. अंदर वालों को वोट दे दिया, तो गुंडे लोग अपना नेता चुन लेंगे."

दौलतराव म्हणाले, "मत देनाऱ्याले बंदी, अन् मत मांगनाऱ्याले तूच गाडीत बसवून नेलं. हे कोनं ठरवलं, सांग मले." केवलरामने फॉर्म त्यांच्या हातात दिले आणि माझे दार लावून घेतले. बराकीतल्या लोकांनी मात्र दौलतरावांची टर उडवली. 'शाईवाले बाबू' हीच आता शिवी झाली. पुढच्या दोन तारखांना ते जाता-येता जाळीकडे तोंड करून बसले.

मतदानाच्या दिवशी कोर्टाला सुटी असते, पण मला सुटी कुठली? आदल्या दिवशीच मला फिनेलने धुऊन काढले, मतदानयंत्रे आणि कर्मचारी भरले आणि पाठवले रुआबांध्याच्या शाळेत. दौलतरावांचे नाव ज्या बूथच्या यादीत होते तिथेच. ज्याचे मत होते तो कोठडीत आणि त्याची गाडी बूथच्या दारात! मतदानाच्या सकाळी सुशीला मत देऊन बाहेर आली. तिने माझा नंबर ओळखला. जवळ येऊन ते बसत त्या जागेच्या जाळीवर हात ठेवला आणि घरी निघून गेली.

पुढच्या तारखेला दौलतरावांनी जाळीतून तिचे बोट हातात घेतले. कोणाला मत दिले ते विचारलेच नाही. बराच वेळ बोट निरखून म्हणाले, "शाई बराबर नाई लावली वं. नखावरून खाली कातडीवर ओढा लागते. म्या असतो तं अशी नसती लावली." एवढे बोलून ते ओक्साबोक्शी रडले. सुशीलाने बोट काढून घेतले नाही.

भैयालाल निवडून आला. महिन्याभरात त्याला जामीनही मिळाला, आणि तो स्वतःच्या मोटारीतून गेला. पाच-सहा महिन्यांनी लोकसभेचे मतदान झाले. दौलतराव तेव्हाही माझ्याच बाकावर होते.

त्यानंतर दीड वर्षाने कोर्टाने त्यांना निर्दोष सोडले. त्यांच्या हातात घागर होती, दगड नव्हता, हे पटायला इतका वेळ लागला. सुटकेच्या कागदांसाठी मी त्यांना शेवटचे तुरुंगात नेले. केवलराम आनंदाने म्हणाला, "काका, सब वापस मिल गया!"

"सब्बन?" दौलतराव म्हणाले. "मंग त्या दिवशीचं माहं मत आनून दे."



आता मला पंधरा वर्षे झाली. नियमाप्रमाणे मला बाद केले आहे. पोलीस लाइनच्या मागे बाभळीखाली मी गंजत उभी आहे आणि लवकरच मला तोडतील. मला रंग लावा, सावलीत ठेवा, अशी विनंती मी करणार नाही. माझ्यासारख्या गाडीची कीव करण्यात काही अर्थ नाही. पण मित्रांनो, उद्या तुम्ही मतदार व्हाल, तुमच्यातले काही कायदेही करतील. शिक्षा झालेल्यांबद्दल हवा तेवढा वाद घाला. पण ज्याचा गुन्हा अजून सिद्धच झाला नाही, त्याचे मत काढून घेताना दौलतरावांचे ते अठरा फॉर्म आठवा. मी पंधरा वर्षे माणसे नेली आणि परत आणली. दौलतरावांचे ते मत मात्र मला परत आणता आले नाही. कोणालाच येणार नाही.