पळत्या जाहिरातीतला शामू

माझा धाकटा भाऊ परशराम १९८६ साली मस्कतहून व्हीसीआर घेऊन आला आणि निपाणीतल्या आमच्या गल्लीत माझा भाव वधारला. मला खरं कौतुक रिमोटचं. रविवारी सकाळची मालिका कॅसेटवर घ्यायची, संध्याकाळी गल्लीला दाखवायची, आणि जाहिरात आली की बटण दाबून तिला पळवायची. साबणवाल्या बाया, टूथपेस्टवाले बाप्ये, सगळे पाठीमागं कुत्रं लागल्यागत धावायचे. शाळेत दिवसभर माझं कुणी ऐकत नसे. इथं अख्खी मुंबई माझ्या अंगठ्याखाली होती.

शेवंताबाई दाराजवळ बसायची. मांडीवर सूप, सुपात विडीची पानं आणि जर्दा. डोळे टीव्हीवर, हात विड्या वळण्यात. तिचा शामू चार वर्षांपूर्वी भांडून घरातून गेला होता. ना पत्र, ना निरोप. जिवंत आहे की नाही, एवढंच तिला कळायला हवं होतं.

त्या रविवारी मी चहाची जाहिरात पळवली आणि ती ओरडली, "मास्तर, माघारी घ्या! माझा शामू हाय त्यात!"

मी मागं घेतलं. पुढं नट कप उचलून हसत होता. मागं दुकानात एक दाढीवाला पोरगा खाली मान घालून पुड्या बांधत होता.

"आक्का, मुंबईत असे लाख असतात," मी जरा खेकसलोच.

"तोंड नगा बघू, हात बघा. तुम्ही पळिवलासा म्हणून वळखला. घरात विड्या वळताना असंच हात चालायचं त्येचं. थांबवा."

मी चित्र थांबवलं. अंगठ्याच्या नखानं पोरगा पुडीचं तोंड आत दुमडत होता, अगदी विडीचं दुमडतात तसं. कुठला वाणी अशी पुडी बांधतो?

"व्हय गं शेवंते," शेजारची गंगव्वा म्हणाली, "तूच शिकीवलंस त्येला."

माणसं पळवायचं खेळणं समजून मी जे हातात धरलं होतं, त्यानं हरवलेला माणूस आमच्यासमोर उभा केला होता. मला त्या यंत्राची भीती वाटली, आणि त्याच्या पाया पडावंसंही वाटलं.

"वाळलाय," शेवंताबाई एवढंच म्हणाली. ती बघत राहिली, आम्हीही. मग म्हणाली, "सोडा आता, मास्तर. कामावर हाय त्यो. किती येळ अडवून ठेवायचा?"

मी बटण दाबलं. शामूनं पुडी मिटली, गिऱ्हाईकाच्या हातात दिली, आणि मान वर करून सरळ आमच्याकडं पाहिलं.