उचलून न्यायच्या माणसांची यादी

नर्सबाईंनी चष्मा पुसला आणि यादी पुन्हा पहिल्यापासून वाचली. वादळाचा हंगाम तोंडावर आला होता आणि आज किनाऱ्यालगतची गल्ली रिकामी करायची तालीम होती. ज्यांना चालवत नाही त्यांना खुर्चीत बसवून उंचावरच्या शाळेत न्यायचं; त्यांची ही यादी, लेकीनं केलेली. जाळी विणणारे म्हातारबुवा, वरच्या मजल्यावरची बाळंतीण, पाय मोडलेला गवंडी. तिनं एकही घर सोडलं नव्हतं. सोडलं होतं ते फक्त स्वतःचं.

तीस वर्षं ही गल्ली नर्सबाईंनीच रिकामी केली होती, दारोदार फिरून, प्रसंगी शिव्या घालून. गुडघ्यांनी दगा दिल्यावर काम लेकीकडे आलं. लेक तशी कुणाच्या बापाला भिणारी नव्हती. पण ‘आई, तुला उचलून न्यावं लागेल’ म्हणायला तिची जीभ रेटली नव्हती.

“माझं नाव कुठाय?”

“तू येशील की सावकाश. मी धरीन तुझा हात.”

“तू माझा हात धरून बसलीस, तर बाकीच्यांकडे कोण बघणार?”

नर्सबाईंनी पेन मागून घेतलं आणि यादीत सगळ्यात वर आपलं नाव लिहिलं. अक्षर नीट आलं.

शिट्टी वाजली. मदतीला आलेल्या दोघा खलाशांनी त्यांची खुर्ची उचलली, ती भर दुपारी, अख्ख्या गल्लीच्या देखत. लाज वाटली, नाही असं नाही. म्हातारबुवा मात्र, त्यांची खुर्ची दाराशी येऊनही, चौकट धरून उभे होते. मी काय मढं आहे का खांद्यावरून जायला, असं ते सकाळपासून ऐकवत होते आणि त्यांच्यापायी घरातली चार माणसं आत अडकून पडली होती. खऱ्या वादळातही ती तशीच अडकली असती.

नर्सबाईंनी खुर्ची त्यांच्या दारात थांबवली.

“बसा मुकाट्यानं. कुणी कसं जायचं ते माझी लेक ठरवते.”

म्हातारबुवांनी खुर्चीत बसलेल्या बाईंकडे बराच वेळ पाहिलं. मग चौकट सोडली.

पुढे लेक रिकाम्या घरांच्या दारांवर खडूनं फुल्या मारत चालली होती. मागे वळून बघायची तिला सवडच नव्हती. नर्सबाईंची मान आपोआप ताठ झाली.

“जरा हळू चला रे,” त्या खलाशांना म्हणाल्या. “बघू द्या मला तिला.”