शून्य किलोचा तंबू

हे सांगितलं तर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, आणि ज्याचा बसेल त्याला मी आधी डॉक्टरकडे पाठवीन. पण काल दुपारी आमच्या घरात सामानाने भरलेली सॅक आपली आपण जमिनीवरून उठली.

खालच्या शिंप्याच्या दुकानात मी हे सांगायला सुरुवात केली. शिंप्याने मशीन थांबवलं. माझा मेहुणा स्टुलावर बसून मान डोलवत होता. बायको उशांचे अभ्रे घ्यायला आली होती आणि दारातच उभी होती. खरं म्हणजे सगळी कथा तिच्यासाठीच होती.

कारण उद्या सकाळी आमची गाडी होती. पाच दिवस डोंगर चढायचे, पाठीवर घर घेऊन. डॉक्टरांनी माझा गुडघा दाबून सांगितलं, "सहा किलो, त्याच्या वर नाही." बायकोने त्याचा कायदा केला: सहाच्या वर गेलं की सॅक माळ्यावर आणि मी घरात. मी चाळीस वर्षं टपाल वाटलं. डोंगरातल्या त्या निळ्या तळ्याची चित्रं किती जणांच्या दारात टाकली, देव जाणे. तळं मात्र अजून पाहिलं नाही.

मेहुण्याचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. त्यामुळे सामान हलकं करायचं काम त्याने अंगावर घेतलं आणि तीन आठवडे माझं डोकं खाल्लं.

"भावजी, ब्रशची दांडी कापू या."

"कापली."

"चमच्याला भोकं पाडू या."

"अरे, मग रस्सा तोंडात जाणार कसा?"

"चार ग्रॅम वाचतात."

चार ग्रॅमसाठी मी आता चाळणीने जेवायचं! टॉवेल कापून रुमाल झाला, रुमाल कापून चिंधी झाली. चड्डीमागची चिठ्ठीसुद्धा त्याने कातरीने काढली. परवा माझ्या मिशीकडे बघत बसला, तेव्हा मात्र मी उठून दुसऱ्या खोलीत गेलो.

बरं, नुसतं कापून भागेना. प्रत्येक वस्तूची परीक्षा. गच्चीवर तंबू ठोकून मला आत बसवलं आणि वरून बादलीने पाणी ओतलं. शिवणीतून पाणी आत आलं, ते एक वेळ ठीक. पण आत गेलेलं बाहेर तरी कुठे येतंय? तळाशी घोट्याएवढं तळं झालं. मी म्हटलं, "मेहुण्या, आता डोंगरात जायची गरजच नाही." चुलीची परीक्षा त्याहून वरची. मुठीएवढी चूल, तिच्यावर एक कप पाणी. ते उकळेपर्यंत माझी दाढी वाढली. आणि झोपायची ती फुगवायची गादी! इतकी गुळगुळीत, की मी कूस बदलली तसा हॉलमधून निघालो, दार ओलांडलं, दोन मजले जिने उतरलो आणि खालच्या वहिनींच्या पायपुसण्यावर जाऊन थांबलो. वहिनी म्हणाल्या, "आलात तसे चहा घेऊन जा."

"दार उघडं होतं?" शिंप्याने विचारलं.

"गादीच्या वेगाने उघडलं."

बायकोने श्वास सोडला. मी गडबडीने मुद्द्यावर आलो.

"काल शेवटची मोजणी. याने स्वतःचा काटा आणला, धंद्याचा, खोटं बोलायची सोय नाही असा. एकेक वस्तू ठेवायची, वहीत लिहायची. चूल: नव्वद ग्रॅम. गादी: तीनशे दहा. आणि तंबू ठेवला तर काट्यावर काय यावं? शून्य! झोपायची पिशवी? शून्य! रिकामी सॅक? शून्य! बेरीज केली तर सगळं मिळून तीन किलो आठशे."

"वहीत आहे," मेहुणा म्हणाला. तो बिचारा मनापासून म्हणत होता.

"मग सगळं सॅकमध्ये भरलं, पट्टे आवळले, आणि खिडकी उघडली मात्र, झुळूक आली तशी सॅक वीतभर उठली! मी पाय दिला म्हणून राहिली, नाहीतर आज ती समोरच्या इमारतीच्या टाकीवर सापडली असती. उद्या माझ्या पाठीला ओझं होईल ही काळजी नाही, मीच उडून जाईन ही आहे. खिशात दोन दगड घेऊन जाणार आहे."

शिंपी हसता हसता खोकायला लागला. मी बायकोकडे बघितलं. ती हसत नव्हती. तिने अभ्रे काखेत मारले आणि सरळ भावाच्या समोर येऊन उभी राहिली.

"काय रे, तंबू काट्यावर ठेवलास, आणि मग शून्याचं बटण दाबलंस?"

"ताई, काटा शून्यावर आणल्याशिवाय वजन करतात का कधी?"

"वस्तू ठेवायच्या आधी की नंतर?"

मेहुणा खिशातून वही काढून पानं उलटू लागला. मी शिंप्याची कातरी न्याहाळू लागलो.

"मोठ्या वस्तूंना हा ठेवून मग बटण दाबतो, दुकानातले काटे तपासताना भांड्याचं वजन वजा करायची सवय! आणि तुम्ही शेजारी बसून ते बघितलंत, अहो, आणि गप्प बसलात!" बायको माझ्याकडे वळली. "झुळुकीने उठली म्हणे! खोटं, साफ खोटं! सकाळी केर काढताना ती सॅक मी दोन्ही हातांनी ओढली, जागची हलली नाही!"