धाकटीचा पांढरा ठिपका

सकाळी मोरीत सासऱ्यांना भोवळ आली. शौचातून भळाभळा रक्त जात होतं. त्यांना उचलून थेट दोन्ही सुना काम करत होत्या त्याच हॉस्पिटलात आणलं.

थोरली पोटविकारतज्ज्ञ. पोटात दुर्बीण घालून रक्तस्राव थांबवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. धाकटी तळमजल्यावर सीटी स्कॅन बघायची. "अंधारात बसून चित्रं बघते आमची जाऊबाई," असं थोरली हसत म्हणे. पण सासरे येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुक सांगायचे ते धाकटीचं, आणि ते थोरलीच्या जिव्हारी लागे.

थोरलीनं तोंडावाटे दुर्बीण घातली. जठर स्वच्छ होतं. खालून घातली, तर जिकडेतिकडे रक्तच, काही दिसेना. रक्तदाब घसरत चालला.

"ताई, सीटी करू या," धाकटी दारातून म्हणाली. "शिरेतून स्कॅनमध्ये पांढरं दिसणारं औषध सोडलं की कुठं गळतंय ते कळेल."

"थांब गं, धुऊन पुन्हा बघते."

"बाबांना तेवढा दम निघेल?"

थोरलीनं दातओठ खात दुर्बीण बाहेर काढली.

तळमजल्यावर सीटीच्या पडद्यावर लहान आतड्यात पांढरा ठिपका उमटला.

"गिळलेली गोळी असेल एखादी," थोरली चटकन म्हणाली. ठिपका खोटा निघावा असं तिला मनापासून वाटलं, आणि त्या वाटण्याची तिची तिलाच शिसारी आली.

धाकटीनं औषध सोडण्याआधीचं चित्र लावलं. तिथं काहीच नव्हतं. मग शेवटचं लावलं. ठिपक्याचा चांगला डाग झाला होता.

"गोळी आधीही दिसली असती, ताई. आणि ती अशी पसरत नाही. हे ताजं रक्त आहे."

आता वाद घालायला जागाच नव्हती. थोरलीनंच फोन करून रक्तवाहिन्या बुजवणाऱ्या डॉक्टरांना बोलावलं. जांघेतून बारीक नळी सरकवून त्यांनी गळणारी रक्तवाहिनी बुजवली, आणि रक्त थांबलं.

दुपारी सासऱ्यांनी डोळे उघडले. "धाकटी कुठाय? तिनं वाचवलं म्हणे मला."

"ताईंनी वेळेवर हो म्हटलं म्हणून, बाबा," धाकटी म्हणाली.

तो मोठेपणा थोरलीला इंगळीसारखा डसला.

"हो कसलं? मी अडवतच होते!"

सासरे क्षीण हसले. "अडवलंस तरी ती ऐकते होय?"

थोरली हसली नाही. खोलीबाहेरच्या बाकावर धाकटीनं आपला डबा उघडून दुसरा चमचा तिच्यापुढे धरला. थोरलीनं तो घेतला. जेवली, धाकटीकडे न बघता.