डबीतला आवाज

अल्काने आपला तळहात साहेबांच्या मोबाइलपुढे आडवा धरला.

"व्हिडिओ नाही," ती म्हणाली.

साहेबांना मोबाइलच्या पडद्यावर आता मंजूऐवजी खडूने माखलेली बोटं दिसत होती. त्यांनी मोबाइल जरा डावीकडे नेला, तर हातही डावीकडे सरकला. दुसरीतली पोरं भिंतीला पाठ लावून हा खेळ डोळे फाडून बघत होती, पण हसायची कुणाची छाती झाली नाही.

तुरकर साहेब तालुक्याहून वाचन पडताळणीसाठी आले होते. माणूस तसा वाईट नव्हता. पण कामठ्याच्या अलीकडे रस्त्यात धानाच्या पोत्यांचा ट्रॅक्टर आडवा लागला होता आणि त्यामागे रखडून रखडून साहेबांचं डोकं आधीच तापलं होतं. पद्धत अशी होती की प्रत्येक मुलाने उभं राहून उतारा वाचायचा आणि साहेबांनी त्याचा लहानसा व्हिडिओ वर पाठवायचा. बाकीची पोरं पोपटासारखी वाचून मोकळी झाली. राहिली एकटी मंजू. पुस्तक उघडं धरून ती उभी होती आणि ओठ घट्ट मिटलेले होते.

"व्हिडिओ तो लगेगा, मॅडम," साहेब म्हणाले. "वरून आदेश आहे. नाही तर काय लिहू मी? वाचता येत नाही?"

"येतं. आत्ताच तुम्ही ऐकलं, स्पीकरवर."

ऐकलं होतं, हे खरं. टेबलावर हिरवा स्पीकर होता, त्याला तारेने जोडलेला साबणाच्या वडीएवढा रेकॉर्डर होता, आणि त्यातून मंजूने कोल्ह्याची सगळी गोष्ट एका दमात वाचून दाखवली होती. मागे मळणी यंत्राची घरघरही ऐकू येत होती. वाचताना एका जागी ती चुकली होती, थांबली होती आणि मागे जाऊन तेच वाक्य तिने पुन्हा नीट वाचलं होतं. असं मागे वळून वाचणारं पोर आठवड्यातून एकदा जरी सापडलं तरी अल्काचा आठवडा गोड व्हायचा.

पोरं रेकॉर्डरला डबी म्हणत. डबी आणि स्पीकर यंदा शाळा उघडली तेव्हा ग्रामपंचायतीने दिले होते. मुख्याध्यापक टेकचंद गुरुजींनी दोन्ही वस्तूंचा फोटो काढला, वरचं प्लॅस्टिकसुद्धा न फाडता त्या कपाटात ठेवल्या आणि किल्ली खिशात टाकली. अल्का रोज किल्ली मागायला जाई.

"बिघडलं तर?" गुरुजी विचारत.

"तर बिघडलं. कपाटात काय, पूजा करायची आहे त्याची?"

शेवटी कटकट नको म्हणून त्यांनी किल्ली दिली. मग वर्गाचा एक रिवाजच पडला. ज्याची पाळी असेल त्याने डबी घेऊन तांदळाच्या खोलीत जायचं. शालेय पोषण आहाराची पोती तिथे रचलेली असत आणि त्या पोत्यांमुळे आवाज घुमत नसे. तिथे एकट्याने वाचायचं, मग वर्गात सगळ्यांनी मिळून ऐकायचं. आणि वर्गात कुणी उभं राहून बोलायला लागलं की शेजारच्याने डबी त्याच्यासमोर धरायची. त्यात सरपंचांनाही सूट नव्हती. पोरं ऐकताना इतकी कडक परीक्षक होत की अल्कालाच कधी कधी घाम फुटे. "मॅडम, तुम्ही लई घाईनं वाचता," असं एकाने तिला तोंडावर सांगितलं होतं.

मंजूचं मात्र वेगळं होतं.

गेल्या वर्षी ती पहिलीत असताना झेंडावंदनाला आलेल्या एका पाहुण्याने तिला जवळ बोलावून विचारलं, "सांग बाळा, भारतमाता कुठे राहते?" मंजूने जराही न अडखळता सांगितलं, "तिरोड्याले. माया मामाच्या घराजवळ." तिच्या मामाच्या गल्लीतल्या एका भिंतीवर भारतमातेचं चित्र होतं आणि पोरीने ते पाहिलं होतं. म्हणजे तिच्या परीने ती खरंच बोलली होती. पण सगळं अंगण हसून लोटपोट झालं. टेकचंद गुरुजींनी त्याचा व्हिडिओ काढला होता. तो त्यांनी अगदी कौतुकाने, दोन हसरे चेहरे लावून, शाळेच्या ग्रुपवर टाकला. ग्रुपवरून तो गावात गेला आणि गावातून पार कुडवा गावापर्यंत. मंजू दुकानात साखर आणायला गेली की पानठेल्यावरचे रिकामटेकडे विचारत, "काय वं, भारतमाता बरी हाये ना तिरोड्याची?"

त्या दिवसापासून मंजूने शाळेच्या फाटकाच्या आत तोंडाला कुलूप घातलं. गल्लीत तिचा आवाज सगळ्यांच्या वर असे. फाटकाशी आली की संपलं. रुसून नाही, घाबरून नाही. तिने ठरवलं होतं, आणि सात वर्षांच्या पोरीने एखादी गोष्ट ठरवली की ब्रह्मदेव आला तरी हलवू शकत नाही.

अल्काने तिला बोल म्हणून कधी गळ घातली नाही. डबी हातात दिली, आणि आधी आवाज पुसायचं बटण दाखवलं. "हे दाबलं की गेलं. मलाही सापडणार नाही." मंजू पावसाळाभर तांदळाच्या खोलीत जाई, दार लावून घेई आणि पुसून कोरी डबी परत आणून देई. दिवाळीच्या सुट्टीनंतर एक दिवस तिने ती न पुसता दिली. अल्का त्या दुपारी एकटीच वर्गात बसून ऐकत होती आणि डोळे पुसत होती. कुणी विचारलं असतं तर खडूची धूळ गेली म्हणून तिने सांगितलं असतं.

तेव्हा आता साहेब मोबाइल समोर धरून उभे होते आणि अल्काचा हात खाली येत नव्हता.

"हा आवाज हिचाच, कशावरून?" साहेबांनी डबीकडे बोट दाखवलं. "चौथीच्या पोरीकडून वाचून घ्यायचं अन् दुसरीच्या नावावर लावायचं. पाहिलं आहे मी असं."

"वर्गाला विचारा."

"मंजूचाच होय, सर!" पोरं एका सुरात ओरडली.

"तुम्ही शिकवाल तेच बोलतील ती." साहेबांनी गुरुजींकडे मान वळवली. "घर कुठे आहे हिचं? आईला बोलवा."

घर शाळेला लागूनच होतं. कुंदाबाई खळ्यावरून तशीच आली, पदराला तणसाच्या काड्या चिकटलेल्या. बोलवायला गेलेल्या पोराने तिला सगळं सांगितलं होतं. ती दारातच उभी राहिली. साहेबांनी तिला आत या म्हटलं नाही आणि तीही आली नाही.

"बाई, पोरगी मुकी आहे काय तुमची?"

"मुकी कायले राहीन? घरी दिवसभर टकळी चालू राहते तिची."

"मग इथं काऊन बोलत नाही?"

"तिले बोलाचं नाई, मनून बोलत नाई," कुंदाबाई म्हणाली. तिच्या आवाजात विनवणी नव्हती. "माही पोरगी चोर नाई, साहेब. दुसऱ्याचा आवाज चोरून आणाले."

साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मोबाइल हातातच ठेवून ते मंजूसमोर गेले आणि वाकले. पुढचं सगळं ते भरभर बोलले. बोलताना त्यांची साहेबी मराठी कुठल्या कुठे गेली. बोलून झाल्यावर ते सरळ झाले, शर्ट नीट केला आणि पुन्हा साहेब झाले.

"ठीक आहे. मी लिहितो, वाचता येत नाही. आणि मॅडम, दुसऱ्याचा आवाज लावला म्हणून तुमचंही लिहावं लागेल. गुरुजी, ते यंत्र माझ्यासोबत द्या. ऑफिसात जमा करू. अशा कामासाठी दिलेलं नाही ते."

अल्काला आपल्याबद्दल काय लिहिलं जाईल त्याचं काही वाटलं नाही. नोकरीत तिने असे शेरे पचवले होते. पण डबी गेली की मंजूचा शाळेतला आवाजच गेला. इतक्या महिन्यांनी उघडलेलं ते दार हा माणूस सहज पायाने लोटून बंद करत होता आणि त्याला त्याची जाणीवही नव्हती.

"द्यायची नाही, गुरुजी," ती म्हणाली. "पंचायतीने वर्गाला दिली आहे. वर्गातच राहील."

साहेबांची बॅग टेकचंद गुरुजींनी मघाच हातात घेऊन ठेवली होती.

आणि तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की टेबलावर स्पीकर एकटाच आहे. तार लोंबत होती. डबी मंजूच्या हातात होती आणि तिच्यावरचा लाल दिवा पेटलेला होता. सगळ्यांच्या नजरा दारातल्या कुंदाबाईकडे असताना तिने ती उचलली असावी. समोरचा बोलायला लागला म्हणून वर्गाच्या सवयीने तिने ती त्याच्यासमोर धरली, की मुद्दाम, हे अल्काला पुढेही कधी कळलं नाही.

मंजू टेबलाशी आली. तिने तार डबीत खोचली आणि बटण दाबलं.

"अशी ठोंब्यासारखी कायले उभी हायेस वं?" स्पीकरमधून आवाज आला. "दात हायेत ना तोंडात? मायले तर उलट बोलत असशीन घरी. तुह्यासारख्या पोरी काय शिकनार हायेत? धान निंदाले जाशीन उद्या. चाल, बस खाली. माहा येळ कायले खाऊन राहिली?"

आवाज बारीक होता. चिरका होता. शब्दांवर शब्द आदळत होते आणि मध्ये मध्ये धाप लागत होती. कुंदाबाईने दाराची चौकट धरली होती.

साहेब स्पीकरकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्या परक्या माणसाने आपल्या घरात शिरून काहीबाही बोलावं, तसा तो चेहरा झाला होता.

"हे कोण बोलून राहिलं?" ते म्हणाले. मग त्यांनी मान हलवली. "नाही. मी असा कुठं बोलतो? हा माझा आवाज नाही."

अल्काच्या जिभेवर उत्तर तयार होतं. ते अगदी ओठापर्यंत आलं होतं.

"तुमचाच होय," मंजू म्हणाली.

स्पष्ट म्हणाली. ना फार मोठ्याने, ना हळू. कोल्ह्याची गोष्ट वाचणारा आवाज तो हाच, हे आंधळ्यालाही कळलं असतं. एका पोराचं तोंड उघडंच राहिलं. अल्काला ओरडावंसं वाटलं, मंजूला उचलून घ्यावंसं वाटलं. पण तिने टेबलाची कड घट्ट धरली आणि ती जागची हलली नाही. आपण नाचलो तर हाही एक तमाशा होईल, हे तिला कळत होतं.

साहेबांचा हात आपोआप वर आला. मोबाइल पुन्हा मंजूच्या तोंडासमोर होता.

"परत म्हण, बेटा," ते म्हणाले. या वेळी त्यांचा सूर खरंच मऊ होता. "एकदाच म्हण. बस, एवढंच पाठवतो. सगळं मिटून जाईल."

मंजूने ओठ मिटले.

"बोल ना माय," दारातून कुंदाबाई पुटपुटली.

अल्काही क्षणभर डळमळली. एक शब्द, फक्त एक. मग डबी इथेच राहील, नाव स्वच्छ राहील, साहेब चहा घेऊन निघून जातील. तिने मंजूकडे पाहिलं. मंजू मोबाइलकडे बघत होती, पानठेल्यावरच्या त्या टोळक्याकडे बघायची तशीच. अल्काने पुढे होऊन पुन्हा आपला तळहात मध्ये घातला.

"तुम्ही ऐकलं, साहेब. स्वतःच्या कानांनी ऐकलं. आता खुशाल लिहा, ऐकलं नाही म्हणून."

साहेबांनी मोबाइलचा पडदा बंद केला, खिशात टाकला, रुमाल काढून मान पुसली. बाहेर मळणी यंत्र थांबलं होतं आणि खळ्यावरून कुणीतरी कुंदाबाईला हाका मारत होतं. ती गेली नाही.

"वाचते," साहेब शेवटी म्हणाले. "लिहून घ्या, गुरुजी. मंजू, दुसरी. वाचते."

गुरुजींनी लिहिलं. साहेबांनी बॅग घेतली आणि ते दारापर्यंत गेले. कुंदाबाई बाजूला झाली. उंबऱ्यात ते थबकले. साहेब माणसाला रिकाम्या हाताने परतायची सवय नसते.

"अन् ते यंत्र? त्यात ते... माझं जे काही आहे. ते तर द्या, गुरुजी."

टेकचंद गुरुजींची सगळी नोकरी हो साहेब, हो साहेब करण्यात गेली होती. ते मंजूकडे गेले. तिने तार उपटून डबी छातीशी धरली होती आणि ती गुरुजींच्या तोंडाकडे बघत होती. गुरुजी तिच्यापुढे उभे राहिले. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि पुन्हा लावला.

"माझ्याच्यानं नाही होत, साहेब," ते म्हणाले. मंजूवरची नजर त्यांनी काढली नाही. "या पोरीचं बोलणं एकदा घेतलं मी. आता पाहिजे तर तुम्हीच घ्या तिच्या हातून."

साहेबांनी मंजूच्या मुठीकडे पाहिलं, मग तिच्या आईकडे, मग बाहेर उन्हात उभ्या असलेल्या आपल्या गाडीकडे. हात काही त्यांनी पुढे केला नाही.