सकाळची गोळी

टण्. घरातल्या शांततेत स्टीलचा मग न्हाणीघराच्या फरशीवर आपटला आणि गरगरत भिंतीशी जाऊन थांबला.

तिने तो सोडला नव्हता. हातच उडाला होता.

टबात आठ महिन्यांचं बाळ मजेत पाण्यावर थापा मारत होतं. हा झटका तिच्या चांगल्या ओळखीचा होता. आधी हात उडायचा, मग थोड्याच वेळात फिट यायची. म्हणून बाळाला एकटीने आंघोळ घालायची नाही, खालच्या मजल्यावरून जाऊबाई येईपर्यंत थांबायचं, असं घरात ठरलेलं होतं. आज ती थांबली नव्हती. आणि अकरा दिवस झाले, सकाळची गोळीही तिने बंद केली होती. पहाटे अर्धा तास ध्यानाला बसलं की मन कसं निवांत व्हायचं. तिला वाटलं, सुटलो आपण यातून. कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती.

पुन्हा हात उडाला.

बाळाला उचलून बाहेर पळावं, तर वाटेतच कोसळले तर? तसंच ठेवावं, तर पाणी. ती फरशीवर बसली, एका हाताने बाळाची पाठ धरली आणि दुसऱ्या हाताच्या कोपराने कड ओढून टब आपल्याकडे कलता केला. पाणी भसकन मोरीकडे धावलं. बाळ घसरत तिच्या मांडीत आलं आणि त्याने भोकाड पसरलं.

"मोठ्या काकूला बोलाव," ती दारातल्या पाच वर्षांच्या लेकीला म्हणाली. "सांग, आईचा हात उडतोय. पळ."

जाऊबाई धापा टाकत आल्या. बाळाला टॉवेलात गुंडाळलं, हिला बाहेर आणून सतरंजीवर बसवलं.

"गोळी घेतलीस ना?"

'हो' अगदी जिभेवर आलं होतं.

"नाही, ताई. अकरा दिवस झाले. वाटलं, ध्यानानेच भागतंय."

जाऊबाईंनी गोळी आणि पाणी आणून तिच्या पुढ्यात ठेवलं.

"डॉक्टरांना फोन लावते. ध्यान कर की बाई, कोण नको म्हणतंय? पण गोळी शोधणाऱ्यालाही अक्कल देवानेच दिली ना, का सैतानाने?"

तिने गोळी गिळली, डोळे मिटले. आज मन निवांत होईना. भीती शेजारीच बसून होती. तिने भीतीला हुसकावलं नाही, काही मागितलंही नाही. नुसती बसून राहिली. पाच मिनिटं गेली, दहा गेली, अर्धा तास गेला. हात पुन्हा उडाला नाही.

डोळे उघडले तर समोर लेक, मांडी घालून, डोळे घट्ट मिटून बसलेली. तिने हळूच एक डोळा किलकिला केला.

"मी पण बसले होते, तू पडू नयेस म्हणून."

"हो का गं, माझ्या सोन्या?"

"मग आई, तू पडली नाहीस ते गोळीमुळे, की माझ्यामुळे?"